उजेड द्या, रंग बदलू नका



बुद्धपौर्णिमा झाली की, आणि ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला की, आमच्याकडे फोटोंचा ढीग येऊन पडतो. वंदनेचे, मिरवणुकीचे, मंगल परिणयाचे, नामकरणाचे, मुलगी नर्स झाली त्याचे, मुलगा पोलिसात लागला त्याचे. कर्जत, नेरळ, चौक, खोपोली, खालापूर, कुठून कुठून येतात. पूर्वी पाकिटातून येत, आता मोबाईलवर येतात, एवढाच फरक. हे फोटो वर्षानुवर्षे चाळताना आमच्या एक गोष्ट ध्यानात आली आहे. आपल्या घरांतले फोटो बहुधा दोनच तऱ्हेचे असतात. एका तऱ्हेत साड्या पांढऱ्याशुभ्र, सदरे पांढरेशुभ्र, मागचा ध्वज झळझळीत, आणि माणसांचे चेहरे मात्र काळोखात. डोळे कुठे, नाक कुठे, काही उमगत नाही. दुसऱ्या तऱ्हेत सगळे चेहरे तांदळाच्या पिठात घोळवून काढल्यासारखे. चार बहिणी शेजारी शेजारी बसल्या आहेत, पण थोरली कोण आणि धाकटी कोण हे सख्ख्या मामालाही सांगता यायचे नाही.

पहिल्या फोटोतला दोष यंत्राचा. दुसऱ्यातला माणसाचा, तो यंत्राचा दोष झाकायला गेला आणि माणूसच झाकून बसला. यातून वाट आहे. संगणकावर फोटो दुरुस्त करणारे तिला 'मास्क' म्हणतात. कोरोनात आपण तोंडाला बांधला तो मास्क वेगळा, हा वेगळा. पण काम दोघांचे एकच, नको ते आत जाऊ न देणे. आमच्या वाचकांत स्टुडिओत बसणारी, लग्नाचे अल्बम लावणारी, फ्लेक्सच्या दुकानात रात्र काढणारी पोरे पुष्कळ आहेत. त्यांना यातले बरेच ठाऊक असेल. त्यांच्या आयाबहिणींना ते ठाऊक नसते, आणि फोटो तर त्यांचाच असतो. म्हणून हा विषय आज कुटुंबाच्या पानावर घेतला आहे.

आधी यंत्राचे पाहू. कॅमेऱ्याला माणूस कळत नाही, उजेड कळतो. समोरून किती उजेड येतो ते तो मोजतो आणि असे धरून चालतो की समोरचे सगळे मिळून मिसळून मध्यम करडे असणार. समोर पांढऱ्या साड्या नेसलेल्या पंधरा उपासिका उभ्या राहिल्या की त्याला वाटते, बाप रे, केवढा हा उजेड! मग तो आत घ्यायचा उजेड कमी करतो. पांढरी साडी त्यातूनही पांढरी राहते, पण मुळात सावळे असलेले चेहरे पार काळोखात जातात. म्हणजे आपला मंगल दिवस, आपला पांढरा पोशाख आणि आपला रंग ही तिन्ही एकत्र आली की कॅमेरा हमखास फसतो. त्यात दुपारी बारा वाजता विहाराच्या दारात उभे राहून फोटो काढला तर मग बघायलाच नको. हल्लीचे मोबाईल चेहरा ओळखून उजेड जुळवतात हे खरे, पण वीस-पंचवीस माणसे, डोईवर पदर आणि वर ऊन असले की त्यांचीही दांडी उडते.

हे भोग एकट्या आपलेच नाहीत. रंगीत रोलचा जमाना होता तेव्हा रंग बरोबर आलेत की नाही हे ताडून पाहायला कोडॅक कंपनी फोटो धुणाऱ्या लॅबना नमुन्याचे एक कार्ड देत असे. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे. 'शर्ली कार्ड' असेच त्याला नाव पडले होते. शर्लीची कातडी ठीक दिसली की सगळे ठीक, असा तो हिशेब. काळ्या मुलांचे चेहरे शाळेच्या फोटोत नीट उतरत नाहीत, अशी अमेरिकेत आयांची तक्रार होती, पण तिची दाद लागली नाही. पुढे लाकडी फर्निचर विकणारे आणि चॉकलेट बनवणारे म्हणू लागले की आमच्या मालाच्या तपकिरी छटा फोटोत येत नाहीत. तेव्हा कुठे कंपनीने फिल्म सुधारायला घेतली. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेले कार्ड यायला १९९०चे दशक उजाडले. चॉकलेटचा रंग चुकलेला चालत नव्हता, माणसाचा चालत होता. त्याच रोलवर आपल्याकडची हजारो लग्ने उतरली आहेत. तेव्हा जुन्या अल्बममध्ये आजी-आजोबा काळेठिक्कर दिसले तर ते तसे होते असे समजू नका.

आता माणसाचा दोष. कार्ले-भाजे लेण्यांना जाताना आपल्यातले पुष्कळ जण घाट चढून मळवली स्टेशनला उतरतात. याच मळवलीला १८९९ मध्ये राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईतून हलला. पुढे पहिला चित्रपट काढणारे दादासाहेब फाळके यांनीही या छापखान्यासाठी काम केले होते. दगडावर चित्र उतरवायचे, एकेका रंगाला वेगळा दगड, आणि दगडामागून दगड छापत चित्र पुरे करायचे, अशी तिथली रीत. देवी, राण्या, पुराणातल्या नायिका यांची चित्रे तिथून घरोघर गेली. कारागिरी अव्वल, यात वाद नाही. पण त्या चित्रांत जी सुंदर ठरली ती बहुतेक गोरीपान. भिंतीवर तेच पाहत पिढ्या वाढल्या. मग गावोगावचा स्टुडिओवाला निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिलीने 'टचिंग' करू लागला. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे असते, पेन्सिलीने जिथे काळे करावे तिथे फोटोत गोरे उमटते. पुढे १९७५ मध्ये 'फेअर अँड लव्हली' आली. २०२० मध्ये तिने नावातला 'फेअर' टाकून 'ग्लो' घेतला, आणि त्याच वर्षी 'शादी डॉट कॉम'ने कातडीच्या रंगावरून स्थळे निवडायची सोय काढून टाकली.

नावे गेली, सोयी गेल्या. पण बायोडाटासाठी फोटो काढायला मुलगी गेली की "दादा, जरा उजळ करून द्या हो" हे वाक्य अजून आईच्या तोंडून निघते. आईला नावे ठेवण्यात अर्थ नाही. रंगावरून नाकारले जाणे म्हणजे काय हे तिने पाहिलेले असते, कधी स्वतः भोगलेले असते. आम्हाला दिसते ते एवढेच की 'उजळ' या एका शब्दात दोन मागण्या दडल्या आहेत. चेहरा नीट दिसू दे, ही एक. चेहरा दुसऱ्या कोणाचा तरी होऊ दे, ही दुसरी. पहिली अगदी रास्त आहे. दुसरी पुरवली की काय होते? पाहुणे दारात येतात, फोटोकडे बघतात, मुलीकडे बघतात, एकमेकांकडे बघतात. चहाचा कप हातात घेऊन उभी असलेली मुलगी ते सगळे पाहत असते. स्टुडिओवाल्याचे पैसे केव्हाच चुकते झालेले असतात. तो अपमान मात्र तिला एकटीलाच गिळावा लागतो.

मास्कची गरज आहे ती इथे. राजनाल्याच्या पाण्यावर कर्जतेत उन्हाळी भात करणाऱ्यांना तो लगेच कळेल. सगळ्या शिवारात सरसकट पाणी सोडले तर जे खाचर आधीच भरले आहे त्याचा बांध फुटतो, आणि उंचावरचे कोरडेच राहते. म्हणून ज्या खाचराला पाणी हवे त्याचे तोंड उघडायचे आणि बाकीच्यांची चिखलाने बुजवायची. फोटोत पाण्याच्या जागी उजेड धरा. कोणाचे तोंड उघडे आणि कोणाचे बंद, हे ठरवणारा नकाशा म्हणजे मास्क.

आकड्यात सांगायचे तर असे. मोबाईलमधला साधा फोटो म्हणजे लाखो बारीक ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याचा उजेड ० ते २५५ या आकड्यांत लिहिलेला. ० म्हणजे ठार काळा, २५५ म्हणजे कोरा पांढरा. समजा साडी २३५ वर आहे आणि चेहरा ६० वर. सगळा फोटो ५० ने उजळला तर चेहरा ११० वर येईल, छान झाले. पण साडी २८५ वर कशी जाणार? २५५ च्या पुढे आकडाच नाही. मग साडीच्या निऱ्या, काठ, पदरावरचे नक्षीकाम सगळे २५५ ला जाऊन थडकते आणि तिथे नुसता कोरा कागद उरतो. मास्क लावला म्हणजे चेहरा ११० वर येतो आणि साडी २३५ वरच थांबते.

ही युक्ती संगणकाने काढलेली नव्हे. डार्करूममध्ये तांबड्या दिव्याखाली काम केलेले म्हातारे फोटोग्राफर आपल्यात अजून आहेत, त्यांना विचारा. कागदावर प्रकाश पडत असताना तारेच्या टोकाला लावलेली पुठ्ठ्याची चकती चेहऱ्यावर क्षणभर हलवत धरायची, म्हणजे तेवढा भाग कमी काळा होई. उलट आभाळ जास्त गडद हवे तर हातांचा आडोसा करून फक्त तेवढ्यावर जास्त उजेड पडू द्यायचा. पहिल्याला डॉजिंग म्हणत, दुसऱ्याला बर्निंग. अमेरिकेतल्या नॉल बंधूंनी केलेला फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आला, त्यातही ही दोन हत्यारे याच नावांनी होती. आजही त्यांची चिन्हे पाहा: एक काठीवरची चकती, दुसरे वळवलेल्या हाताचे. ज्यांनी कधी डार्करूम पाहिली नाही ती पोरे रोज त्या चिन्हांवर बोट ठेवतात, पण ते चित्र कशाचे हे त्यांना सांगितलेले नसते. एकावर एक थर रचायची सोय १९९४ मध्ये आली, आणि मूळ फोटोला हात न लावता उजेडाचा वेगळा थर वर ठेवायची, म्हणजे ॲडजस्टमेंट लेअरची, १९९६ मध्ये. आमच्या मते खरा फरक या शेवटच्या सोयीने पडला. पेन्सिलीने निगेटिव्ह खराब झाली तर गेली. थर आवडला नाही तर काढून टाकता येतो, खाली मूळ माणूस शाबूत असतो.

करायचे कसे? फोटोशॉपात फोटो उघडला की कर्व्हजची ॲडजस्टमेंट लेअर घ्या आणि तिच्यातली तिरपी रेघ मधोमध धरून थोडी वर उचला. सगळा फोटो उजळेल, घाबरू नका. त्या थराला चिकटलेला पांढरा चौकोन हाच मास्क. त्याचा नियम साधा आहे. मास्क जिथे पांढरा तिथे फरक दिसतो, काळा तिथे दिसत नाही, करडा तिथे अर्धामुर्धा दिसतो. चौकोनावर क्लिक करून कंट्रोल आणि आय ही बटणे दाबली की तो काळा होतो आणि फोटो होता तसा दिसू लागतो. आता मऊ कडांचा ब्रश घ्या, पांढरा रंग घ्या, ओपॅसिटी दहा-पंधरा टक्के ठेवा आणि चेहऱ्यावर हलक्या हाताने फिरवा. एकदम नको. आई बाळाच्या अंगाला तेल लावते तसे, थोडे थोडे करत. आणि त्या थराचा ब्लेंड मोड 'नॉर्मल'वरून 'ल्युमिनॉसिटी'वर आणा. ही एवढी गोष्ट पुष्कळ जण करत नाहीत, आणि आमच्या लेखी तीच मोलाची आहे. तिने उजेड बदलतो पण रंग जागचा हलत नाही. सावळी मुलगी सावळीच राहते, फक्त दिसू लागते. ज्याच्याकडे फोटोशॉप घ्यायला पैसे नाहीत त्याने 'गिम्प' वापरावे. ते फुकट आहे आणि मास्क त्यातही आहेत.

हातातल्या मोबाईलवरही हे होते. गुगलचे 'स्नॅपसीड' फुकट मिळते. त्यात 'सिलेक्टिव्ह' नावाचे हत्यार आहे. गालावर बोट टेकवले की तिथे एक ठिपका बसतो, दोन बोटांनी त्याची कक्षा लहान-मोठी करायची आणि मग उजेड वाढवायचा. तो ठिपका आपल्यासारख्याच रंगाचा भाग शोधून त्यालाच उजेड देतो, शेजारच्या साडीला सहसा धक्का लावत नाही. बारा माणसे असली तर एकेकावर ठिपका द्यावा लागतो. वेळ जातो, पण काम चोख होते.

काही चुका नेहमी दिसतात. पोरे तोंड उजळतात आणि मान, कान, हात विसरतात. मग मुखवटा लावल्यासारखा चेहरा दिसतो. बांगड्या भरलेले हात मांडीवर ठेवून बसलेल्या नवरीचे तोंड एका रंगाचे आणि हात दुसऱ्या, हे आम्ही डझनावारी पाहिले आहे. दुसरी चूक कडांची. ब्रश केसांबाहेर गेला की डोक्याभोवती पांढरे वलय येते. भगवंतांच्या मस्तकाभोवती प्रभामंडळ शोभते, हळदीला बसलेल्या नवरदेवाभोवती नाही! मास्कची कड मऊ करा आणि फोटो लांब धरून, लहान करून पाहा. वलय जवळून दिसत नाही, लांबून लगेच दिसते.

अलीकडे हे काम यंत्रच करू लागले आहे. लाइटरूममध्ये ऑक्टोबर २०२१ पासून एक कळ दाबली की माणूस वेगळा, आभाळ वेगळे असे मास्क आपोआप तयार होतात. हंगामात एका रात्रीत सहाशे फोटो पाहावे लागणाऱ्या पोराला हे वरदान आहे, ते त्याने जरूर वापरावे. पण यंत्र नवरी धरते आणि तिच्या मांडीवरचे भावाचे पोर सोडते, पुढची रांग धरते आणि मागे उभी असलेली आत्या सोडते. मागे कोण उभे आहे ते आपणच पाहायचे असते.

आणि सर्वांत वाईट ते 'ब्युटी' नावाचे. मागल्या पावसाळ्यात खालापूर तालुक्यातल्या एका वाडीवरून एक बाई आईच्या पहिल्या स्मृतिदिनाची आदरांजली छापायला घेऊन आल्या. सोबत एका स्टुडिओतून 'साफ' करून आणलेला फोटो होता. मागे निळे आभाळ, चेहरा तुकतुकीत, एक सुरकुती नाही. फोटो टेबलावर ठेवला आणि बाई म्हणाल्या, "दादा, ही माजी आय नाय. आयचं गोंदण कुठं गेलं?"

म्हातारीच्या कपाळावर गोंदलेला एक ठिपका होता आणि हनुवटीवर तीन. संगणकाच्या लेखी तो कातडीवरचा डाग. त्याने सगळे डाग पुसले, त्यात तेही पुसले. ज्या पोराने ते केले त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याने कळ दाबली, एवढेच. पण आपल्या आज्यांच्या अंगावर सोने नव्हते, मेल्यावर बरोबर येईल असे काही तरी अंगावर असावे म्हणून त्यांनी दुखणे सोसून गोंदून घेतले होते. आणि तेच त्यांच्या स्मृतिदिनाच्या फोटोतून पुसले जावे?

मूळ फोटो त्यांच्या पिशवीत होता. एका लग्नातला, ऐंशीच्या दशकातला, कडेला उभी असलेली आई, चेहरा बोटाच्या पेराएवढा. आम्ही तो मोठ्या रेझोल्यूशनवर स्कॅन केला आणि तीन मास्क केले. एक चेहऱ्यावर उजेड देण्यासाठी. दुसरा फक्त मागच्या मांडवावरचे डाग-खरखर घालवण्यासाठी, चेहरा त्यातून वगळून. तिसरा गोंदणाच्या चार ठिपक्यांपुरता, तिथला काळेपणा किंचित वाढवला म्हणजे ते उठून दिसतील. सुरकुत्यांना हात लावला नाही. एक डोळा मात्र पदराच्या सावलीत होता, आणि त्या जागी कागदावर काळ्याखेरीज काहीच उतरले नव्हते. जिथे मुळात काही नाही तिथे मास्क काय करणार? हल्लीच्या यंत्राला सांगितले असते तर त्याने कोणाचा तरी डोळा आणून तिथे बसवला असता. आम्ही ते केले नाही आणि बाईंना तसे सांगितले. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊं दे. आय पदर असाच वढून बसायची." फोटो तसाच छापला.

मास्कचा आणखी एक उपयोग आपल्या अगदी जवळ आहे. कर्जतहून कोंदिवड्याला उतरून, राजमाचीच्या पायथ्याशी रान चढून गेले की कोंडाण्याची लेणी लागतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे चैत्यगृह आणि विहार, लाकडी वाड्याचे वासे-खिडक्या दगडात कोरून काढलेल्या. दर्शनी भाग आणि आतला स्तूप पुष्कळ मोडला आहे. पावसाळ्यात लेण्यांच्या तोंडावरून धबधबा पडतो, सहली येतात, आणि सगळे लेण्याच्या तोंडाशी उभे राहून आतून बाहेर फोटो काढतात. बाहेर ढगांचा पांढरा उजेड, आत काळोख. निकाल? माणसांच्या जागी काळ्या बाहुल्या. अशा वेळी फोटो बाहेरच्या उजेडाच्या हिशेबाने काढा, म्हणजे धबधबा जळणार नाही, आणि घरी आल्यावर मास्कने आतल्या माणसांना आणि दगडाला उजेड द्या. काळोखातून थोडाफार तपशील वर येतो. कोऱ्या पांढऱ्यातून मात्र काही परत येत नाही.

चैत्याच्या डाव्या अंगाला एका भग्न मूर्तीच्या डोक्याजवळ ब्राह्मी अक्षरे आहेत. कान्ह म्हणजे कृष्ण याचा शिष्य बलक, त्याने हे केले, असा त्यांचा अर्थ लावतात. अक्षरे झिजली आहेत. फोटोत उमटावीत म्हणून कोणी त्यांवर खडू किंवा पीठ चोळतो. कृपा करून तसे करू नका, दगड खराब होतो. बॅटरीचा झोत समोरून न टाकता एका बाजूने, जवळजवळ दगडाला घासून टाका. अक्षरांच्या खाचांत सावली बसते. मग अक्षरांपुरता मास्क करून तिथला काळा-पांढरा फरक वाढवा. शाळकरी मुलेसुद्धा ती अक्षरे वहीत उतरवून घेऊ शकतील. मात्र मोडलेला दगड फोटोत सांधू नका. तो मोडलेला आहे हेही आपल्या मुलांना दिसले पाहिजे.

१४ एप्रिलच्या आदल्या रात्री फ्लेक्सच्या दुकानांत जे चालते त्याबद्दल दोन शब्द. इंटरनेटवरून बाबासाहेबांचा अंगठ्याएवढा फोटो उतरवायचा, तो दहा फुटांवर ताणायचा, भुरकट दिसला की चेहरा गुळगुळीत करायचा आणि गालांवर गुलाबी रंग मारायचा. बाबासाहेबांचे बहुतेक फोटो कृष्णधवल आहेत, त्यांना रंग देणारा आपल्या मनचा रंग देतो. आमचे म्हणणे, कृष्णधवल फोटो कृष्णधवलच लावा. कोटाच्या काळ्या भागाला मास्क करून थोडा उजेड द्या, म्हणजे खिशातले पेन आणि कॉलर दिसेल. चष्म्याच्या काचेवरची चमक ठेवा, कपाळावरच्या रेषा ठेवा. मंडळाच्या पोरांनी एकदाच चांगला मोठा स्कॅन मिळवून पेन ड्राइव्हवर ठेवला तर दर वर्षी रात्री अकराला शोधाशोध करावी लागणार नाही. खाली चाळीस कार्यकर्त्यांचे फोटो कटिंग करून बसवायचे असतात, ते काही टळणार नाही म्हणा!

आता आमच्या पानापुरते. वर्तमानपत्राचा कागद शाई पितो. छापताना चेहरा बारीक ठिपक्यांचा होतो, आणि शाई पसरून प्रत्येक ठिपका थोडा फुगतो. म्हणून पडद्यावर ठीक दिसणारा सावळा चेहरा छापून आल्यावर एकदम काळा होतो. त्यासाठी चेहऱ्यापुरता उजेड थोडा जास्त ठेवावा लागतो, आणि ते आम्ही करतो. पण आमच्याकडे आधीच गोरा करून पाठवलेला फोटो आला की हातात करण्यासारखे काही उरत नाही. तेव्हा मूळ फोटो पाठवा. मोबाईलमधले 'ब्युटी' बंद करून काढा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जात नाही. जुना कागदी फोटो असेल तर काचेच्या चौकटीतून बाहेर काढून, खिडकीपाशी सावलीत सपाट ठेवून, फ्लॅश न लावता त्याचा फोटो घ्या. चिकटला असेल तर ओढू नका, चौकटीसकट आमच्याकडे घेऊन या. आणि पाठीमागे नाव लिहिताना बॉलपेन दाबून लिहू नका, पुढे चेहऱ्यावर वळ उमटतो.